अन्य योग्य रीत

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

आज मी तुम्हाला एका मुलाखतीची गोष्ट सांगणार आहे. मुलाखत माझीच, फोनवरची, जेमतेम पंचवीस मिनिटांची. आणि आधीच सांगून टाकतो, तीत मी नापास झालो.

मी संगणक अभियंता आहे. २००१ साली पुण्यात नोकरीला लागलो आणि तेव्हापासून सॉफ्टवेअर लिहिणं हाच माझा धंदा. २०२४च्या फेब्रुवारीत आमच्या कंपनीनं आमच्या सबंध विभागाला नारळ दिला. कारण कुणाचं काम वाईट होतं असं नाही. तिकडे परदेशात कुणीतरी एका तक्त्यात एक ओळ खोडली आणि त्या ओळीत आम्ही चौतीस जण होतो. तीन महिन्यांचा पगार आणि शुभेच्छांचं पत्र घेऊन मी घरी आलो. वय सेहेचाळीस. घराचे हप्ते अजून सात वर्षांचे. मुलगी बारावीत. बायको एका पतसंस्थेत नोकरी करते, म्हणून चूल बंद पडणार नव्हती. पण सकाळी साडेआठला सोसायटीच्या फाटकातून सगळे बाहेर पडताना आपण गॅलरीत चहा पीत बसायचं, याची सवय माणसाला लवकर होत नाही. मी तर काही दिवस चहा आतच प्यायला लागलो होतो.

आणि मग एका कंपनीसाठी माणसं शोधणाऱ्या एजन्सीतून फोन आला. आमच्या भाषेत या लोकांना रिक्रूटर म्हणतात. काम अगदी माझ्या हातचं. मी दोन दिवस अभ्यास केला. हो, अभ्यास! मुलगी एका टेबलावर, मी दुसऱ्या. ती म्हणाली, "बाबा, तुमचा पण पेपर आहे?"

दुपारी तीनला फोन आला. पलीकडे एक मुलगी. आवाजावरून बावीस-तेवीस वर्षांची असेल. बोलणं नम्र. मी किती वर्षं जावा या भाषेत काम केलं, पगार किती होता, किती हवा, किती दिवसांत रुजू व्हाल, हे सगळं तिनं भराभरा विचारून घेतलं. मग म्हणाली, "सर, आता पाच टेक्निकल प्रश्न आहेत. चार बरोबर आले की तुमचं नाव पुढं जाईल."

पहिले दोन सोपे होते. तिसरा प्रश्न असा होता, की जावा भाषेत वस्तूंची यादी क्रमानं लावायची असेल, तर आतून कोणती पद्धत वापरली जाते? मी म्हणालो, "टिमसॉर्ट." टिम पीटर्स नावाच्या गृहस्थांनी २००२ साली पायथन या भाषेसाठी ती तयार केली आणि २०११ साली जावानंही ती घेतली. फोनवर जरा शांतता. "नाही सर. मर्जसॉर्ट." आता गंमत बघा. २०११च्या आधी ते उत्तर बरोबर होतं. टिमसॉर्ट हे त्याच घराण्यातलं पुढचं अपत्य. म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री कोण असं विचारावं आणि उत्तरपत्रिकेत चार निवडणुकांपूर्वीचं नाव असावं, तसं झालं. मी समजावू लागलो. ती म्हणाली, "ठीक आहे सर, पुढचा प्रश्न घेऊ या."

चौथ्या प्रश्नासाठी मला तुम्हाला थोडं माझ्या धंद्यात न्यावं लागेल. घाबरू नका, शब्दकोशात शब्द शोधता येत असेल तर हे तुम्हाला कळेल.

जाडजूड शब्दकोशात शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून सुरुवात करत नाही. मधोमध उघडतो. आपला शब्द त्याच्या अलीकडे असेल तर उरलेला अर्धा भाग सोडून देतो. मग राहिलेल्या अर्ध्याचा मध्य. मग त्याच्या अर्ध्याचा. एक लाख शब्दांचा कोश असला तरी अशा रीतीनं जास्तीत जास्त सतरा वेळा बघावं लागतं. संगणकही क्रमानं लावलेल्या यादीत असाच शोध घेतो. प्रश्न होता, की हा मध्य कसा काढाल?

तिच्या कागदावरचं उत्तर मला माहीत होतं. सुरुवातीचा क्रमांक आणि शेवटचा क्रमांक यांची बेरीज करा, दोनानं भागा. सहाशे आणि आठशे, बेरीज चौदाशे, निम्मे सातशे. मी मात्र सांगितलं, की आधी वजाबाकी करावी. आठशेतून सहाशे गेले, दोनशे. त्याचे निम्मे शंभर. ते सहाशेत मिळवा. सातशेच.

उत्तर एकच, मग मी हा द्राविडी प्राणायाम का केला? कारण संगणकात आकड्याला जागा ठरवून दिलेली असते. आमच्या अण्णांच्या जुन्या चेतक स्कूटरला किलोमीटर दाखवणारे पाच आकडे होते. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झाले, की पुढच्या किलोमीटरला सगळी शून्यं. स्कूटर एका क्षणात कोरी करकरीत! जावामधल्या नेहमीच्या पूर्णांकात सर्वांत मोठा आकडा मावतो तो २,१४,७४,८३,६४७. त्याच्या पुढं एक जरी मिळवला तरी तो शून्यावरही थांबत नाही, थेट उण्यात जातो. यादी फार मोठी असली तर ती साधी बेरीज या मर्यादेबाहेर जाते, मध्य उणे येतो आणि कार्यक्रम कोसळतो.

हे पुस्तकी खुसपट नव्हे. जावाच्या अधिकृत संचात हीच चूक सुमारे नऊ वर्षं बसून होती. तो भाग ज्यांनी लिहिला होता त्या जोशुआ ब्लॉक यांनी स्वतःच २००६ साली लेख लिहून ती जाहीर केली. जॉन बेंटली यांच्या ज्या गाजलेल्या पुस्तकावरून आमच्या पिढ्या शिकल्या, त्यातही ती होती आणि वीस वर्षं कुणाच्या लक्षात आली नव्हती. २०१४ साली 'गंगनम स्टाइल' हे कोरियन गाणं यूट्यूबवर इतक्या वेळा पाहिलं गेलं, की हीच मर्यादा ओलांडायची वेळ आली आणि त्यांना मोजणीची जागा वाढवावी लागली. आणि ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियान ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झालं, त्याचं मूळही न मावणाऱ्या आकड्यातच होतं. मोठ्या जागेतला आकडा लहान जागेत कोंबायला गेले आणि मार्ग दाखवणारी यंत्रणाच बंद पडली.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, की बेरीज मोठी झाली तर मावणार नाही, म्हणून मी वजाबाकी करतो. तिनं माझं उत्तर पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. मग ती इंग्रजी सोडून एकदम मराठीत आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, तुम्ही म्हणताय ते बरोबर असेल. पण माझ्याकडं तसा चौकोन नाहीये."

तिच्या संगणकावर दोनच चौकोन होते. बरोबर आणि चूक.

पाचव्याचं उत्तर जुळलं. पाचांपैकी तीन. दोन दिवसांनी रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ई-मेल आलं. 'प्रिय उमेदवार' अशी सुरुवात. माझं नाव कुठंच नव्हतं. तुमच्या वेळेबद्दल आभार, आम्ही दुसऱ्या उमेदवारांचा विचार करत आहोत, आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.

मला राग आला. चांगलाच आला. तेवीस वर्षांच्या कामाची किंमत एका पोरीनं दोन चौकोनांत केली, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "तिच्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?" मी तावातावानं काहीतरी बोललो. पण तो प्रश्न घरात राहिला.

शेजारच्या खोलीत आमचे अण्णा होते. अठ्याहत्तर वर्षांचे. सातारा जिल्ह्यात चौतीस वर्षं गणित शिकवलं. त्यांना मी कागदावर मध्य काढायच्या दोन्ही रिती दाखवल्या. अण्णांनी चष्मा वर केला, कागद बघितला आणि म्हणाले, "दोन्ही बरोबर. दुसरी जास्त जपून केलेली आहे. मार्क का कापले?"

मी सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "अरे, आम्ही दहावीचे पेपर तपासायचो, तेव्हा नमुना उत्तरं मिळायची. पण मुलानं वेगळ्या रीतीनं गणित सोडवलं आणि रीत योग्य असली, तर गुण पूर्ण द्यायचे. अन्य योग्य रीत. आणि ती रीत आपल्याला कळली नाही, तर पेपर बाजूला ठेवायचा आणि नियामकांना विचारायचं. आपल्याला कळलं नाही म्हणून पोराचं चूक कसं?"

'आपल्याला कळलं नाही म्हणून पोराचं चूक कसं?' अण्णा हे सहज बोलून गेले आणि पुन्हा पेपर वाचू लागले. मी मात्र तिथून उठू शकलो नाही. कारण मला एक मुलगा आठवला.

साल २००५. आमच्या धंद्याची भरभराट चाललेली. कंपन्यांना माणसं पुरत नव्हती. मराठवाड्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आम्ही तिघं मुलं निवडायला गेलो होतो. माझा अनुभव चार वर्षांचा, पण थाट चाळीस वर्षांचा. प्राचार्यांच्या केबिनमध्ये काजू-बिस्किटं, बाहेर व्हरांड्यात साठ-पासष्ट मुलं उभी. त्यांतल्या चौघांमध्ये मिळून एकच टाय होता. एकाची मुलाखत संपली, की तो बाहेर जाऊन गळ्यातला टाय काढायचा आणि दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. आम्हाला दारातून ते दिसत होतं आणि आम्ही हसत होतो.

त्या टायमधला तिसरा मुलगा माझ्यासमोर आला. माझ्या हातात कागद होता. प्रश्न आणि पुढं उत्तर. मी विचारलं, "दोन डब्यांत दोन आकडे आहेत. तिसरा डबा न वापरता त्यांची अदलाबदल कर." त्या काळी हा प्रश्न सगळीकडे विचारत. उत्तर ठरलेलं. दोन्हींची बेरीज करायची आणि मग एकेक वजा करत जायचं. आमच्या क्षेत्रातलं '२१ अपेक्षित' म्हणा ना.

मुलगा थोडा थांबला. इंग्रजीत सुरुवात केली, अडखळला, मग मराठीत म्हणाला, "सर, ती बेरजेची रीत येते मला. पण बेरीज मोठी झाली तर मावणार नाही. तिसरा डबा घेतला तर काय बिघडतं?"

श्रोतेहो, तो बरोबर होता. आमची परीक्षा सी भाषेत होती, आणि त्या भाषेत अशी बेरीज मर्यादेबाहेर गेली तर पुढं काय होईल याची कुठलीही हमी नाही. शहाणा कार्यक्रमकार तिसरा डबाच घेईल. मीही रोजच्या कामात तिसरा डबाच घेत होतो. आणि हे मला तेव्हा कळत नव्हतं असंही नाही. कुठंतरी कळलं होतं. पण दीड वाजला होता, जेवण थांबलं होतं, अजून वीस मुलं बाकी होती, आणि माझ्या कागदावर त्याच्या उत्तराला जागा नव्हती. मी लिहिलं, 'प्रश्न सोडवता आला नाही. इंग्रजी कमी.' आणि फुली मारली.

तो 'थँक यू सर' म्हणाला, बाहेर गेला आणि टाय काढून चौथ्याच्या गळ्यात घातला.

मला त्याचं नाव आठवत नाही. ती यादी कुठल्या कपाटातून कुठल्या रद्दीत गेली असेल कोण जाणे. त्याचं पुढं चांगलं झालं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालतो. असेलही. पण त्या मुलीला माझं उत्तर कळत नव्हतं, कारण तिला कुणी शिकवलंच नव्हतं. मला त्याचं उत्तर कळत होतं. मग जास्त चूक कुणाची?

या अनुभवावर मी पुष्कळ विचार केला. असे प्रसंग माझ्या एकट्याचे नाहीत. २०१५ साली मॅक्स हॉवेल यांनी जाहीरपणे लिहिलं होतं, की त्यांचं होमब्रू नावाचं सॉफ्टवेअर ज्या कंपनीतले बहुसंख्य अभियंते वापरतात, त्या गूगलनं त्यांना फळ्यावर एक कोडं सोडवता आलं नाही म्हणून नाकारलं. २०२० साली सेबास्तियन रामिरेझ यांना फास्ट-एपीआय या साधनाचा चार वर्षांचा अनुभव मागणारी जाहिरात दिसली. ते साधन त्यांनी स्वतः तयार केलेलं, आणि तयार करून दीडच वर्ष झालेलं! आपण हसतो. पण त्या जाहिरातीपुढं अर्ज न करता मागं फिरलेली किती मुलं असतील, त्यांचा हिशेब कुणाकडेच नाही.

मात्र एक गोष्ट मला प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तो कागद वाईट नाही. एका जागेसाठी शेकड्यांनी अर्ज येतात, कुणीतरी चाळणी लावावीच लागते. आणि सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारले, उत्तरं ठरलेल्या निकषांवर तपासली, तर निवड जास्त चांगली होते, असं या विषयाच्या अभ्यासकांनाही वारंवार आढळलं आहे. कागद नसता तर काय झालं असतं? कुणाचं गाव, कुणाचं आडनाव, कुणाचं इंग्रजी, कुणाचे बूट, यांवर गुण पडले असते. त्या मुलाच्या बाबतीत मी कागद हातात असूनही 'इंग्रजी कमी' लिहिलंच की! तेव्हा कागद हवा. पण तो ज्यानं केला, त्यानं दर वर्षी तो पुन्हा वाचायला हवा. आणि ज्याच्या हाती दिला, त्याला 'मला हे कळलं नाही, कुणाला तरी विचारतो' असं म्हणायची मुभा हवी. त्या मुलीला ती नव्हती. तिला दिवसाला ठरलेले फोन पुरे करायचे होते. माझ्याशी पंचवीस मिनिटं बोलली म्हणून तिला कुणी बोललंही असेल. तरीसुद्धा 'तुमचं बरोबर असेल' एवढं म्हणण्याचा सरळपणा तिनं दाखवला. २००५ साली मी तेवढाही दाखवला नव्हता.

पुढं जूनमध्ये मला एका लहान कंपनीत नोकरी मिळाली. पगार आधीपेक्षा कमी, पण हप्ते जातात. तिथली मुलाखत अशी झाली, की एका तरुण अभियंत्यानं बिघडलेला एक कार्यक्रम माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, "सर, हा आमचा कालचा खराखुरा घोळ आहे. बसू या का दोघं?" दीड तास बसलो. एका ठिकाणी मी चुकलो, त्यानं दाखवलं. दुसऱ्या ठिकाणी तो चुकला, मी दाखवलं. घरी येताना मला पहिल्यांदा वाटलं, नोकरी मिळो न मिळो, मुलाखत मात्र झाली.

आता मुलाखती घ्यायचं काम माझ्याकडेही येतं. आमचाही छापील कागद आहे. मी रुजू झाल्यावर त्यात एकच बदल मागून घेतला. 'बरोबर' आणि 'चूक' यांच्या शेजारी तिसरा चौकोन. त्यावर लिहिलंय, 'अन्य रीत. उमेदवाराचे शब्द इथे लिहा.' त्यात खूण झाली, की तो कागद कुणातरी जाणत्या माणसाकडे जातो आणि दोन दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. नाकारलेल्या प्रत्येकाला नावानं पत्र जातं, आणि कुठं कमी पडलं ते एका ओळीत सांगितलं जातं. याला फार वेळ लागत नाही. मी मोजलाय. माणशी चार मिनिटं.

खरं सांगायचं तर तो तिसरा चौकोन बहुतेक वेळा कोराच राहतो. कधी त्यात लिहिलेलं उत्तर तपासल्यावर चूकच निघतं. पण गेल्या वर्षी एका मुलीनं अदलाबदलीसारख्याच एका प्रश्नाला आमच्या कागदावर नसलेलं उत्तर दिलं. प्रश्न विचारणारा आमचा सहकारी नवा होता. त्याला ते कळलं नाही. त्यानं तिचे शब्द जसेच्या तसे, अर्धे मराठीत, तिसऱ्या चौकोनात लिहिले आणि कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी तो वाचला, घरी आणला आणि अण्णांनाही दाखवला. त्यांना त्यातली भाषा कळली नाही, पण चौकोनावरचे शब्द त्यांनी दोनदा वाचले.

"नियामकांनी काय ठरवलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "पूर्ण गुण."